करवलीच्या टीमचा कप

मी गोलकीपर झाले ते कापडाच्या दुकानामुळे. नागपूरच्या गांधीबागेत आमचं ठोक कापडाचं दुकान आहे. पोटमाळ्यावर छतापर्यंत कापडाची थानं, म्हणजे तागे, रचलेली असतात. गिऱ्हाईक आलं की बाबा शिडीनं वर जायचे, हवं ते थान ओढून काढायचे आणि "घे वं" म्हणून खाली सोडून द्यायचे. शाळा सुटल्यावर खाली झेलायला मी उभी. सुती थान जड येतं, ते पोटाशी घ्यावं लागतं. सिंथेटिकचं निसटतं, ते बोटांतच धरावं लागतं. आठ-दहा वर्षं हे केलं की हात आपले आपण पुढे जातात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कुठल्याशा फॉर्मवर सही घ्यायला खेळाच्या खोलीत गेले होते. आमच्या स्पोर्ट्सच्या मॅडम स्टुलावर चढून कपाटावरची चेंडूंची जाळी काढत होत्या. जाळीची गाठ सुटली आणि पाच-सहा फुटबॉल एकदम खाली आले. दोन मी झेलले, एक गुडघ्यानं अडवला.

मॅडम स्टुलावरूनच म्हणाल्या, "तू गोलकीपर."

"मॅडम, मी सही घ्यायला आली."

"सही भेटन. आधी गोलकीपर."

मॅडम मूळच्या खो-खोच्या खेळाडू. फुटबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. पण आंतरकॉलेज स्पर्धेत मुलींची फुटबॉल टीम उतरवायची असं कॉलेजनं ठरवलं होतं आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्या रोज मोबाइलवर व्हिडिओ बघून यायच्या आणि आम्हाला शिकवायच्या. कधीकधी वर्गात बाई धडा विसरतात तशा त्या मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, पुढचं उद्या सांगते."

आमच्यात नीट फुटबॉल येणारी एकच होती, आमची कॅप्टन. रामदासपेठेत राहायची, आई-वडील दोघं डॉक्टर, शाळेपासून खेळलेली. बाकी आम्ही कोणी कबड्डीतून आलेल्या, कोणी मैत्रिणीसोबत आलेल्या. त्या वर्षी आम्ही एकच मॅच खेळलो आणि नऊ-शून्य हरलो. नऊच्या नऊ गोल माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आठव्या गोलनंतर समोरच्या टीमची एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "तुले लागलं तर नाही ना?" तिनं ते मनापासून विचारलं होतं, म्हणून जास्तच लागलं.

 परतताना ऑटोत कॅप्टन म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण फायनल खेळू." मॅडमनी बाहेर बघतच उत्तर दिलं, "आधी अकरा जणी आण."

पुढच्या वर्षी आमच्याकडे अकरा नाही, बारा जणी झाल्या. बारावी नागपूरजवळच्या खाप्याची होती.

तिचा शोध मॅडमना फॉर्ममध्ये लागला. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'कोणते खेळ खेळता' असा रकाना असतो. त्यात तिनं लिहिलं होतं, 'नदीतला फुटबॉल'. मॅडमना वाटलं, हा पाण्यातला काही खेळ असावा. त्यांनी तिला बोलावून घेतलं. मी तेव्हा तिथंच चेंडूंत हवा भरत होते. दारात एक उंच, काटकुळी मुलगी येऊन उभी राहिली.

"नदीत कसा खेळता वं फुटबॉल?" मॅडमनी विचारलं.

"पाण्यात नाही मॅडम, वाळूत. उन्हाळ्यात कन्हानचं पाणी मागं जाते ना, मंग मोठी जागा होते. भाऊ अन् चुलतभाऊ खेळते. मी बी खेळतो त्याईच्या संग."

"किती वर्षं झाले?"

"मले आठवते तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली आणि बूट घालायला तयार होईना. "पाय कोंडल्यासारखे वाटते," म्हणाली. शेवटी अनवाणीच खेळली. त्या दिवशी तिनं मला सात गोल मारले. वाळूत चेंडू घरंगळत नाही, रुतून बसतो. म्हणून तिला लहानपणापासून एकच सवय होती, चेंडूखाली पाय घालून तो वर उचलायचा. तिचा चेंडू जमिनीवरून येतच नसे. मी पुढे धावले की तो माझ्या डोक्यावरून जायचा आणि मागं जाळ्यात हळूच, पिकलं फळ पडावं तसा पडायचा. मी वळून बघायची आणि ती आपली कमरेवर हात ठेवून म्हणायची, "पुन्हा एक टाकू का?"

आम्ही तिला खापेवाली म्हणायला लागलो. तिलाही ते आवडायचं.

अडचण बसची होती. आमचा सराव सकाळी सहाला, कारण नंतर ते मैदान क्रिकेटवाल्यांचं. आणि खाप्याहून निघालेली खापेवाली कितीही धडपडली तरी साडेसातच्या आत पोचत नसे. ती धावत यायची तेव्हा आम्ही जाळं गुंडाळत असायचो. पंधरा दिवस असे गेल्यावर एका रविवारी मॅडम, कॅप्टन आणि मी, तिघी तिच्या घरी गेलो.

तिची आई अंगणात संत्री निवडत बसली होती. मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्या. तिनं आम्हाला बसायला चटया टाकल्या, पाणी दिलं, प्रत्येकीच्या हातात दोन-दोन संत्री ठेवली आणि पुन्हा निवडायला बसली. मॅडमनी सगळं सांगितलं. सकाळचा सराव, बस, स्पर्धा. दोन महिने मुलीला नागपुरात राहू द्या, अशी विनंती केली.

"राहीन कोठी?" तिनं विचारलं.

मॅडमनी आमच्याकडे बघितलं. हे आम्ही ठरवलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घरी, काकू."

"तुह्या घरी कोण कोण हाय?"

"आई, बाबा अन् मी."

"भाऊ?"

"नाही."

"मंग चालते." आणखी चार संत्री क्रेटमध्ये गेली. मग ती हात थांबवून म्हणाली, "पण एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. पुढच्या महिन्यात पोराचं लगन हाय. हे एकलौती बहीण, करवली हाय. त्या दिवशी कोणताच खेळ नाही, समजलं का?"

"नक्की, काकू," कॅप्टन लगेच म्हणाली. स्पर्धेच्या तारखा तेव्हा लागायच्या होत्या.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. मला वाटलं, आधी विचारायचं होतं म्हणून चिडतील. ते म्हणाले, "अजून एक पोट्टी घरात? मंग पोळ्या जास्त लागतीन, आईले सांग." एवढंच. खापेवाली आली आणि दोन दिवसांत आमच्या घरची झाली. संध्याकाळी ती दुकानात येऊन बसायची. बाबांना शिडी चढू द्यायची नाही, स्वतःच वर चढायची. बाबा तिला कापसाबद्दल विचारायचे, ती बाबांना कापडाबद्दल. तिच्या शेतातल्या कापसाचं पुढं काय काय होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना शेत माहीत नव्हतं. दोघं तासन्‌तास बोलायचे आणि मी एकटी थानं झेलत बसायची.

मॅडमची एक पद्धत होती. सहाला आलो की पहिली वीस मिनिटं फुटबॉल नाही, खो-खो. कॅप्टन सुरुवातीला वैतागायची. "मॅडम, हे फुटबॉलमध्ये कामाला येत नाही." मॅडम म्हणायच्या, "मले जे येते ते मी शिकवीन. तुले जे येते ते तू शिकव." आणि खरंच तसं झालं. पास कसा द्यायचा, जागा कशी धरायची हे कॅप्टननं शिकवलं. झटकन बसायचं, उठायचं, वळायचं, समोरच्याला हूल द्यायची हे मॅडमनी शिकवलं. महिन्याभरात आमच्या मागच्या फळीतल्या मुली अशा काही वळायला लागल्या की समोरची मुलगी एकीकडे आणि ह्या दुसरीकडे.

पहिली मॅच आम्ही तीन-शून्य जिंकलो. तिन्ही गोल खापेवालीचे, त्यातले दोन गोलकीपरच्या डोक्यावरून. समोरची ती गोलकीपर दुसऱ्या गोलनंतर आकाशाकडे बघत उभी होती, तेव्हा मला तिच्याबद्दल फार आपुलकी वाटली. मॅच संपल्यावर आम्ही कॉलेजजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि असा गोंधळ घातला की टपरीवाल्यानं विचारलं, "कप भेटला का?"

"नाही काका, पहिलीच मॅच."

"मंग कप भेटन तेव्हा माही टपरीच उचलून नेसान तुम्ही," तो म्हणाला आणि सगळ्यांच्या पोह्यांवर आणखी एकेक पळी तर्री घातली.

दुसरी मॅच दोन-एक अशी कशीबशी निघाली. आम्ही सेमीफायनलमध्ये पोचलो. मॅडमनी नोटीस बोर्डावर तारीख वाचली, मोबाइलवर फोटो काढला आणि मैदानावर येऊन आम्हाला दाखवला. खापेवालीनं तो फोटो बघितला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. तोच दिवस होता. तिच्या भावाच्या लग्नाचा.

 मग कॅप्टन म्हणाली, "आपण अकरा जणी आहोत. खेळू. मी काकूंना शब्द दिलाय." असं म्हणताना तिचा चेहरा उतरला होता, पण ती शब्द फिरवणारी नव्हती.

त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर खापेवालीनं आईला फोन लावला. मी शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता, मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, त्याच दिवशी मॅच हाय."

"कोणत्या दिवशी?"

"लगनाच्या."

आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "किती वाजता हाय तुहा खेळ?"

"अकरा वाजता."

"अन् लगन?"

"साडेसहाचं."

"मंग रडून काहून राहिली?" आई म्हणाली. "हळद आदल्या दिवशी हाय. हळदीले ये, हातभर बांगड्या भर, सकाळी काका गाडीवर सोडून देईन. पण चार वाजता लॉनवर मले करवली पाहिजे. अन् एक बी बांगडी फुटली नाही पाहिजे. समजलं?"

खापेवालीनं फोन ठेवला आणि मला अशी मिठी मारली की आम्ही दोघी गच्चीवरच्या वाळवणावर पडलो. माझ्या आईच्या मुगवड्या गेल्या. आई ओरडली, मग कारण कळल्यावर तीच हसत पुन्हा डाळ भिजवायला गेली.

सेमीफायनलच्या सकाळी साडेदहापर्यंत खापेवालीचा पत्ता नव्हता. मॅडम गेटपाशी येरझारा घालत होत्या. मग एक मोटारसायकल धुरळा उडवत आत आली. पुढं फेटा बांधलेले काका, मागं पिवळीधम्मक खापेवाली. चेहरा, मान, हात, सगळं हळदीनं माखलेलं. तळव्यांवर मेंदी. आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

रेफरी एक बाई होत्या. त्यांनी तिच्याकडे बघून आधी हसू दाबलं आणि मग मान हलवली. "बांगड्या काढाव्या लागतील. काच घालून मैदानात येता येत नाही."

"मॅडम, त्या काल भरल्या," खापेवाली म्हणाली. "घट्ट हाय. अन् फुटल्या तर आई मले घरात घेणार नाही."

"मग खेळता येणार नाही. तुला लागेल, दुसरीला लागेल."

त्यांचं बरोबर होतं. आम्ही तिला नळापाशी नेलं. मॅडम कुठूनतरी साबण घेऊन आल्या. एकीनं तिचं मनगट धरलं, एकीनं अंगठा आत दाबला, कॅप्टन एकेक बांगडी फिरवत फिरवत उतरवायला लागली. चार निघाल्या, पाचवी अडकली. खापेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती "ओढ, ओढ" म्हणत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी खोबरेल तेलाची बाटली पुढं केली. बघते तर समोरच्या टीमची कॅप्टन. "साबणानं नाही निघत," ती म्हणाली. "माह्या बहिणीच्या वेळेस असंच झालं होतं." आणि खाली बसून तिनंच खापेवालीच्या हाताला तेल चोळलं. मग एकेक बांगडी सरसर निघाली. एकही फुटली नाही. मी माझ्या ग्लोव्हजच्या पिशवीत त्या रुमालात गुंडाळून ठेवल्या. रेफरीबाई घड्याळाकडे बघत होत्या, पण शिट्टी त्यांनी दहा मिनिटं उशिराच वाजवली.

ती मॅच मला रंगांनीच आठवते. आमची जर्सी पांढरी होती. खापेवालीला घाम सुटला तशी हळद वाहायला लागली. तिच्या जर्सीची कॉलर पिवळी झाली, मग चेंडू पिवळा झाला. समोरच्या टीमच्या ज्या दोघी तिला अडवत होत्या त्यांचे खांदे पिवळे झाले, एकीचा गालही. मी माझ्या गोलपाशी उभी राहून लांबूनच सांगू शकत होते, आत्ता कोण तिला भिडून आली. पहिला गोल तिचा, दुसरा कॅप्टनचा. शेवटी त्यांनी एक मारला, पण तोवर वेळ संपत आली होती. शिट्टी झाली तेव्हा त्यांची कॅप्टन सरळ खापेवालीकडे आली, हात मिळवला, आपल्या पिवळ्या तळव्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चाल, माही बी हळद झाली."

आणि मग वेळ नव्हता. निकालाच्या कागदांवर सह्या होऊन ओळखपत्रं परत मिळेपर्यंत अडीच वाजले होते. मॅडमनी एक गाडी ठरवून ठेवलेली होती, आम्ही सगळ्या लग्नाला जाणार हे आधीच ठरलं होतं. पण कपडे बदलायला कुठंही जागा नव्हती. आम्ही जर्सीतच गाडीत बसायला लागलो. तेवढ्यात माझे बाबा स्कूटरवरून आले. मॅच बघायला ते आले नव्हते, दुकानातून निसटता आलं नव्हतं. त्यांच्या पुढ्यात कागदात बांधलेलं एक गाठोडं होतं.

"लगनात जाऊन राहिल्या ना? अशा जाता का?" ते म्हणाले आणि गाठोडं सोडलं. आत तेरा गुलाबी ओढण्या होत्या, एकाच थानातून फाडलेल्या. काठसुद्धा शिवलेले नव्हते. तेरावी मॅडमची.

तर अशा आम्ही, धुळकट मोजे, पिवळे डाग पडलेल्या जर्सी आणि वर गुलाबी ओढण्या, सावनेर रोडवरच्या लॉनवर चारला दहा मिनिटं कमी असताना उतरलो. दारातल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला विचारलं, "कोणत्या बँडच्या गा तुम्ही?"

खापेवालीची आई समोरून आली. नवी साडी, नाकात नथ. तिनं आधी लेकीच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मी घाईघाईनं रुमाल सोडला. तिनं तिथंच उभं राहून बांगड्या मोजल्या. पुऱ्या भरल्या. मग मॅडमकडे वळून विचारलं, "जिंकल्या का?"

"हाव."

"मंग जेवा आधी," ती म्हणाली आणि लेकीला आत ओढत घेऊन गेली.

साडेसहाला खापेवाली भावामागं कऱ्हा घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, हातांत बांगड्या, चेहऱ्यावर असा सोज्ज्वळ भाव की कुणाला वाटलं नसतं ही दुपारी कोणाला खांदा मारून आली. फक्त साडीखाली तिचा उजवा गुडघा सोललेला होता आणि ती एका पायावर भार देऊन उभी होती. अक्षता पडल्या. माइकवर आहेर वाचणाऱ्या माणसाला कोणीतरी चिठ्ठी दिली असावी, कारण मधेच त्यानं जाहीर केलं, "नवरदेवाच्या बहिणीनं आज नागपुरात गोल मारला आहे, टाळ्या!" सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. नवरदेवानं वळून बहिणीकडे बघितलं, आणि भटजी म्हणाले, "नवरदेव, इकडं बघा, इकडं." आम्ही वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी अशी खाल्ली की वाढणारे आमच्या पंगतीपासून हलेनात. वरातीत आम्ही नाचलो. मॅडमही नाचल्या. खो-खोतल्यासारखं एकदम बसून उठायचं असं त्यांचं काहीतरी नृत्य होतं.

चार दिवसांनी फायनल होती, आणि समोर तीच टीम, जिनं आम्हाला नऊ गोल मारले होते. कितीतरी वर्षं कप त्यांच्याकडेच राहत आला होता. मी रात्रभर कूस बदलत होते असं आई म्हणते. 

मैदानावर पोचलो तर खाप्याहून दोन गाड्या भरून माणसं आलेली. लग्नाचं वऱ्हाडच म्हणा. नवी नवरीही आली होती, हिरव्या चुड्यासकट. लग्नानंतर पहिल्यांदा कुठं बाहेर पडली ती आमची मॅच बघायला. खापेवालीची आई संत्र्यांचं पोतं घेऊन खुर्चीवर बसली होती. आणि त्या दिवशी, चालू बाजाराच्या दिवशी, बाबांनी दुकान बंद ठेवलं.

मी ही गोष्ट बाबांना अजून सांगितलेली नाही. पहिल्या अर्ध्या तासात चेंडू आमच्याकडे आला तेव्हा मी प्रेक्षकांकडे बघत होते. बाबा खुर्चीवर चढून उभे होते, गळ्यात दुकानाचा टेप तसाच लोंबत होता, आणि ते हात हलवून कुणालातरी दाखवत होते, "ते, ते गोलकीपर, ते माही पोरगी." मला इतकं बरं वाटलं की मी क्षणभर हसले. चेंडू माझ्या हाताखालून गेला.

हाफटाइमला मी खाली मान घालून आले. कोणी रागावलं नाही. खापेवालीच्या आईनं माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. कॅप्टननं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मागच्या वर्षी या वेळेपर्यंत सहा झाले होते. आपण किती सुधारलो बघा." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि ग्लोव्हज पुन्हा चढवले.

दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या दोन मुली खापेवालीला चिकटूनच होत्या. ती पाणी प्यायला गेली तरी त्या सोबत जातील असं वाटत होतं. बराच वेळ तिनं धडपड केली, मग तिच्या लक्षात आलं. ती मैदानाच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली. त्या दोघीही मागोमाग गेल्या. मधली सगळी जागा रिकामी झाली. पास कडेला तिच्याकडे आला, तिनं पायाखालचा चेंडू उचलून दोघींच्या डोक्यावरून मधे टाकला आणि धावत आलेल्या कॅप्टननं डोक्यानं तो जाळ्यात ढकलला. एक-एक. खाप्याच्या माणसांनी असा आवाज केला की शेजारच्या क्रिकेटच्या मैदानावरचा खेळ थांबला.

दुसरा गोल काही देखणा नव्हता. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती. खापेवालीनं लांबून चेंडू उचलला, तो वरच्या दांडीवर आपटला, खाली येताना त्यांच्या गोलकीपरच्या पाठीला लागला आणि रेषेच्या आत लोळत गेला. तो गोल कोणाच्या नावावर लिहायचा यावर नंतर टेबलापाशी बराच खल झाला. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

त्यानंतरची मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. त्यांनी एकामागून एक तीन कॉर्नर घेतले. दोन मी ठोसा मारून बाहेर काढले. तिसऱ्या वेळी गर्दीत मला चेंडू दिसलाच नाही, तो माझ्या मांडीवर आपटून बाहेर गेला, आणि मी मुद्दामच अडवल्यासारखा चेहरा केला. मग शिट्टी झाली.

सगळ्यांत आधी मैदानात कोण धावलं तर नवी नवरी. चुडा वाजवत आली आणि नणंदेच्या गळ्यात पडली. बाबा पळत आले आणि धापा टाकत मला म्हणाले, "म्हणजे आपण जिंकलो ना?" मी म्हटलं, "हो बाबा." ते म्हणाले, "मले वाटलंच," आणि रडायला लागले. मी बाबांना पहिल्यांदा रडताना बघत होते, तेही एवढं मोठ्यानं आणि हसत हसत. कॅप्टनचे आई-वडील दवाखान्यातून थेट आले होते. दोघांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता. ते कोणालाच काही न विचारता सगळ्यांचे गुडघे तपासत सुटले. मॅडम एकट्याच गोलपोस्टला टेकून उभ्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे धावत गेलो तर म्हणाल्या, "थांबा, थांबा, मले पाहू द्या एकदा." आणि त्यांनी सगळं मैदान डोळे भरून बघितलं. कप खापेवालीच्या आईच्या मांडीवर ठेवून फोटो काढला. तिनं तो दोन्ही हातांनी नीट धरला होता.

पुढच्या वर्षी कॉलेजची टीम दुसऱ्याच मॅचला हरली, हेही सांगायला हवं. कॅप्टन नंतर डॉक्टरकीला गेली. खापेवाली पोलिसात लागली. मी रामदासपेठेत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सराव नव्हता. स्पर्धा संपली होती, कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. तरी सकाळी पाचला मला जाग आली, शेजारच्या खाटेवर खापेवाली आधीच वेणी घालत बसली होती. आम्ही दोघी न बोलता निघालो. मैदानावर कॅप्टन होती. मग एकेक करत नऊ जणी जमल्या. धुकं होतं, गवत ओलं होतं. चेंडू कोणी आणला ते कळलं नाही. थोड्या वेळानं मॅडम स्कूटरवरून आल्या. त्यांना जाळी काढून खोलीत ठेवायची होती. आम्हाला बघून त्या गेटपाशीच थांबल्या.

"आता का राहिलं वं?" त्यांनी विचारलं.

"एक जण कमी आहे मॅडम," कॅप्टन म्हणाली. "पाच-पाच होत नाहीयेत."

मॅडमनी स्कूटर स्टँडवर लावली, पर्स हँडलला अडकवली, ओढणी कमरेला बांधली आणि आत आल्या. दोन वर्षं शिकवूनही त्या आमच्यासोबत कधी खेळल्या नव्हत्या. खापेवालीनं त्यांना पास दिला. त्या झटकन एका बाजूला बसल्यासारख्या वाकल्या, उठल्या, दुसऱ्या बाजूला वळल्या, कॅप्टनला चकवलं आणि चेंडू माझ्या डाव्या हाताच्या बाहेरून जाळ्यात मारला. मी सोडला नव्हता. खरंच मारला त्यांनी. मग कमरेवर हात ठेवून त्या धुक्यात उभ्या राहिल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की किटबॅगा घेऊन आलेले क्रिकेटवाले बाहेरच उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदान सोडायला सांगितलं नाही.